सहरीच्या वेळी हललेली जमीन

गेल्या रमजानात चार दिवस गावी, तळ्याला होतो. तरावीह आटोपून घरी आलो तर पुतण्या ओटीवर वही उघडून बसलेला. अकरावीला विज्ञान शाखा घेतली आहे. चेहऱ्यावरून गणित अडलंय हे कळत होतं.

गणित असं होतं. एक वस्तू सरळ रेषेत चालली आहे. सुरुवातीला तिचा वेग सेकंदाला ५ मीटर आहे. तिचं त्वरण मात्र स्थिर नाही, ते काळाबरोबर वाढतं : जितके सेकंद झाले, त्याच्या चौपट. तर तीन सेकंदांनंतर तिचा वेग किती?

पुतण्याने केलं ते आपण सगळेच पहिल्यांदा करतो. तीन सेकंदांनंतरचं त्वरण बारा. बारा गुणिले तीन, छत्तीस. त्यात सुरुवातीचे पाच मिळवले, एक्केचाळीस. पुस्तकाच्या मागे उत्तर होतं तेवीस.

"छापताना चूक झाली असेल," तो म्हणाला.

चूक छपाईची नव्हती. मी सांगायला सुरुवात केली, की त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, तो स्वतःच बदलत असेल तर शेवटचा आकडा धरून गुणाकार करता येत नाही, वगैरे. बाजूला फुफी तसबीह घेऊन बसली होती. तिचं आमच्याकडे लक्ष असेल असं मला वाटलं नव्हतं. मण्यांवरचं बोट थांबवून तिने विचारलं, "म्हणजे त्या सहरीला जमीन किती जोरात धावली, ते तुमच्या या हिशेबात निघतं का रे?"

'ती सहरी' आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. फुफी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि त्या वर्षी पहिल्यांदाच सगळे रोजे धरणार होती. दादीने तिला पहाटे उठवलं. चुलीवर तवा चढलेला, दादी तांदळाची भाकरी थापत होती, आढ्याला कंदील टांगलेला. आधी कुत्री भुंकायला लागली. मग फळीवरची पातेली एकमेकांवर आपटायला लागली. कौलं खडखडली. कोपऱ्यातल्या हंड्यातलं पाणी काठावरून जमिनीवर सांडलं. दादीने भाकरी तशीच टाकली आणि पोरांना ओढत अंगणात आणलं. शेजारची कुणबी मंडळीही बाहेर आली होती. अंधारात सगळे उभे. कुणी कलमा पढत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं.

फुफीला तारीख आठवत नाही. तिला रमजान आठवतो, थंडी आठवते आणि 'पहिल्या आठ-दहा रोज्यांतला' हे आठवतं. लहानपणी मला वाटायचं, ही म्हातारी माणसांची गोष्ट, सांगता सांगता वाढलेली. पुढे एकदा पडताळा घेतला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. त्या वर्षीची ईद जानेवारी १९६८ च्या पहिल्या दोन दिवसांत येते. म्हणजे रमजान डिसेंबरच्या तीन-चार तारखेला सुरू झाला आणि ११ डिसेंबर हा आठव्या-नवव्या रोज्याचा दिवस होता. फुफीची आठवण दिनदर्शिकेशी तंतोतंत जुळली. त्या पहाटे बाकीचा महाराष्ट्र झोपेत होता, पण कोकणातल्या मुसलमान घरांमध्ये चुली पेटलेल्या होत्या. या भूकंपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण ही साधी गोष्ट मी कुठे वाचलेली नाही.

अंगणात उभ्या असलेल्या त्या माणसांनी कारणही लगेच शोधलं. आमच्याकडच्या एका वडीलधाऱ्याने सांगितलं, की जमीन एका बैलाच्या शिंगावर पेललेली आहे, थकला की तो शिंग बदलतो. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, शेषनागाने फणा हलवला. दोन धर्म, पण गोष्ट एकच. उजाडल्यावर तिसरं कारण आलं आणि ते जास्त टिकलं : लोकांचे गुनाह वाढले, म्हणून हा अजाब आला.

मला त्या माणसांना हसायचं नाही. पायाखालची जमीन हलल्यावर माणूस जे हाताशी असेल ते धरतो. पण गुनाहांच्या कारणाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. बापाच्या दुःखात असतानाही त्यांनी लोकांना थांबवलं. सूर्य-चंद्राला कुणाच्या जन्माने किंवा मरणाने ग्रहण लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्यांना ही हदीस पाठ असते, त्यांच्यापैकीच काही जण भूकंप झाला की मेलेल्या माणसांचे गुनाह मोजायला बसतात.

कोयनेत त्या पहाटे पावणेदोनशेच्या वर माणसं मेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. कोयनानगरातली बहुतेक घरं कोसळली. दगडमातीच्या भिंतींखाली झोपलेली, कष्ट करून जगणारी माणसं होती ती. भूकंपाची तीव्रता साडेसहाच्या जवळपास होती. तळ्यापासून कोयना सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. जमिनीतून येणाऱ्या लाटांना तेवढं अंतर कापायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. फुफीच्या घरातली पातेली वाजली, तेव्हा तिकडची घरं पडून गेलेली होती.

आता फुफीच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर शोधता येतं. तळ्यासाठी नाही, कोयनेसाठी.

कोयना धरणाच्या पोटातल्या एका बोगद्यात, म्हणजे अभियंते ज्याला गॅलरी म्हणतात तिथे, त्या पहाटे एक यंत्र बसवलेलं होतं. त्याला त्वरणलेखक म्हणता येईल. साधारण भूकंपमापक दूरदूरचे बारीक धक्के टिपतो आणि जवळचा मोठा धक्का बसला की त्याची रेघ कागदाबाहेर जाते. त्वरणलेखक उलटा. तो एरवी गप्प बसतो आणि जोराचा हादरा बसला की जागा होतो. जगात अशा यंत्राने मोठ्या भूकंपाची पहिली नोंद घेतली ती १९३३ च्या मार्चमध्ये, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला. कोयनेची नोंद तिच्यानंतर चौतीस वर्षांनी झाली आणि जगभरच्या धरण-अभियंत्यांनी ती अभ्यासली, आजही अभ्यासतात. इतक्या मोठ्या धक्क्याची, तीही धरणाच्या आतून घेतलेली नोंद तोवर कुणाच्याच हाती नव्हती.

यंत्राचं काम कळायला सोपं आहे. एसटीत उभे आहात असं धरा. गाडी झटक्याने निघाली की तुम्ही मागे झुकता. तुम्ही किती झुकलात यावरून गाडीचा वेग कळत नाही. गाडी साठच्या वेगाने एकसारखी चालली असेल तर तुम्ही सरळच उभे असता. झुकता ते वेग बदलताना. यंत्रात तुमच्या जागी स्प्रिंगला जोडलेलं एक छोटं वजन असतं. जमीन हलते, वजन मागे रेंगाळतं, आणि त्याचं रेंगाळणं प्रकाशाच्या तिरिपेने फोटोच्या कागदावर उमटत जातं. म्हणजे कागदावर मिळतं ते त्वरण, क्षणाक्षणाचं. वेग मिळत नाही. तो काढावा लागतो.

आणि भूकंपात जमीन तर वेडीवाकडी हलते. तिचा हिशेब सरळ रेषेतल्या गणिताने कसा करायचा? यंत्रात अशी तीन वजनं असतात. एक धरणाच्या लांबीच्या दिशेने, एक नदीच्या दिशेने, एक खाली-वर. वेडीवाकडी हालचाल तीन सरळ रेषांमध्ये वाटली जाते आणि प्रत्येक रेषेचा हिशेब वेगळा ठेवला जातो. पुतण्याच्या वहीतलं गणित आणि कोयनेचा कागद यांची जात एकच : सरळ रेषा, बदलतं त्वरण, वेग काढा.

वेग कसा काढायचा हे मी पुतण्याला दुकानाच्या वहीवरून सांगितलं. वेग म्हणजे खात्यातली शिल्लक. त्वरण म्हणजे रोजची जमा-खर्चाची नोंद. आजची शिल्लक काढायला आजची नोंद पुरत नाही. आधीची शिल्लक घ्यायची आणि तेव्हापासूनची एकूण एक नोंद मिळवत यायचं. तीन सेकंदांना त्वरण बारा होतं हे खरं, पण पहिल्या क्षणी ते शून्य होतं, एका सेकंदाला चार, दोनला आठ. शेवटच्या दिवसाचा गल्ला बारा होता म्हणून रोजचाच बारा धरला, तर वही फुगणारच.

मग त्याला चित्र काढायला लावलं. आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर त्वरण. शून्यापासून निघून तीन सेकंदांना बारापर्यंत चढणारी तिरपी रेघ. खाली त्रिकोण तयार झाला. पाया तीन, उंची बारा, क्षेत्रफळ अठरा. तो त्रिकोण म्हणजेच वेगात पडलेली भर. सुरुवातीचे पाच मिळवले, तेवीस. पुतण्याने जो छत्तीसचा आयत धरला होता, त्याच्या बरोबर निम्मा त्रिकोण. रेघ सरळ नसून वाकडीतिकडी असली तरी नियम हाच. रेघेखालच्या जागेच्या बारीक उभ्या पट्ट्या पाडायच्या आणि बेरीज करायची. रेघ शून्याखाली गेली तर ती पट्टी वजा. या बेरजेला मराठीत समाकलन असं जड नाव आहे, म्हणून मुलं घाबरतात. नाव बाजूला ठेवलं तर ती वहीची बेरीज आहे.

आता कोयनेच्या कागदावरचा सर्वात मोठा आकडा. आडव्या दिशेत त्वरण गुरुत्वाच्या ०.६३ पटीपर्यंत गेलं. म्हणजे दर सेकंदाला साधारण ६.२ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढेल असा जोर. हे त्वरण पूर्ण एक सेकंद टिकलं असतं तर जमीन ताशी बावीस किलोमीटरने धावली असती. पण भूकंपाचा टोकाचा जोर सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरता असतो आणि लगेच उलटतो. समजा, असा एक झटका शून्यापासून ६.२ पर्यंत चढून पुन्हा शून्यावर यायला सेकंदाचा दहावा भाग लागला. पुन्हा त्रिकोणच. निम्मे, गुणिले ०.१, गुणिले ६.२, उत्तर सेकंदाला ३१ सेंटिमीटर. ताशी एक किलोमीटरच्या किंचित वर. मशिदीकडे सावकाश निघालेला म्हातारा माणूस याहून भरभर चालतो.

हे ऐकून फुफी म्हणाली, "एवढ्याने घरं पडतात होय?"

हो, एवढ्याने पडतात. भिंतीला वेगाचं काही वाटत नाही. पृथ्वी आपल्या सगळ्यांना घेऊन सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर धावते आहे आणि फळीवरचा पेला हलत नाही. भिंत पडते ती वेग बदलतो म्हणून. पाया एकदम पुढे गेला, भिंत मागे राहिली, ती पुढे येते तोवर पाया मागे फिरला. मातीने जोडलेले दगड हे दोन-चार वेळा सोसतात, मग सुटतात. आणखी एक गोष्ट पुतण्याच्या ध्यानात आली, ती त्याने स्वतः चित्रावरून शोधली : त्वरण सर्वात जास्त असतं तेव्हा वेग सर्वात जास्त नसतो. त्रिकोण निम्माच भरलेला असतो. वेग शिगेला पोचतो तो त्वरण शून्यावर येताना. त्यानंतर त्वरण उलटं होतं, तरी काही काळ जमीन पुढेच जात राहते, कारण खात्यात शिल्लक असते.

इथवर आल्यावर पुतण्याने प्रश्न विचारला : हे शोधलं कुणी? तो विचारताना त्याच्या आवाजात एक अपेक्षा होती, ती मला ओळखीची आहे. त्याला 'आपल्या' कुणाचं तरी नाव हवं होतं. मोबाइलवर रोज असे संदेश येतात. एका बाजूचे म्हणतात, सगळं विज्ञान कुरआनात आधीच आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सगळं वेदांत आधीच आहे. दोन्ही संदेश पाठवणाऱ्यांना पुतण्याचं गणित घातलं तर दोघेही एक्केचाळीस उत्तर देतील, अशी माझी समजूत आहे.

खरा इतिहास या दोन्ही संदेशांपेक्षा चांगला आहे. त्याला तो सांगितला, तुम्हालाही सांगतो.

बाराव्या शतकात बगदादमध्ये अबुल बरकात अल-बगदादी नावाचा वैद्य आणि विचारवंत होता. जन्माने ज्यू, उतारवयात मुसलमान झालेला. त्याच्या ग्रंथाचं नाव 'किताब अल-मुअतबर', म्हणजे स्वतः विचार करून पटलेल्या गोष्टींचं पुस्तक. वरून पडणारा दगड खाली येताना वेगवान का होत जातो, हा प्रश्न जुना होता. त्याच्या आधी इब्न सीनाने 'मैल' ही कल्पना मांडली होती, म्हणजे हलत्या वस्तूत असलेली ओढ. अबुल बरकातने ती पुढे नेली. दगडाचं वजन पडतानाही काम करतच राहतं, क्षणाक्षणाला नवी ओढ देत राहतं, ती साठत जाते, म्हणून वेग वाढत जातो. 'साठत जाते' हा शब्द महत्त्वाचा. खातेवहीची कल्पना तिथे आहे. पण आकडे नाहीत. तीन सेकंदांनी वेग किती, हे अबुल बरकातला सांगता आलं नसतं.

त्याच दशकांत सह्याद्रीच्या परिसरात भास्कराचार्य होते. त्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' ११५० चा. त्यांची अडचण वेगळी होती. चंद्राची गती एका दिवसातसुद्धा बदलते. आजच्या आणि उद्याच्या जागेतला फरक ही त्याची सरासरी गती झाली. तिथी नेमकी कधी संपते हे काढायला त्या क्षणाची गती लागते. तिला त्यांनी 'तात्कालिक गती' म्हटलं आणि ती काढण्याची रीत दिली. इथे आकडे आहेत, क्षणाचा विचार आहे. पण गती का बदलते, कुठल्या जोराने बदलते, हा प्रश्न त्यांनी घेतलेला नाही. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, हे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तो शिलालेख आजही आहे.

एकाकडे कारण होतं आणि आकडे नव्हते. दुसऱ्याकडे आकडे होते आणि कारण नव्हतं. दोघांनी एकमेकांचं काही वाचलं नाही.

चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या काही अभ्यासकांनी एकसारख्या वाढणाऱ्या वेगाचा नियम काढला : पहिल्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी धरा. पॅरिसच्या निकोल ओरेमने त्याचं चित्र काढलं, तोच त्रिकोण, जो पुतण्याने तळ्याच्या ओटीवर काढला. १६३८ मध्ये गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूंना तो नियम लावून दाखवला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात न्यूटन आणि लायब्निझ यांनी वाकड्या रेघेखालची बेरीज कशी करायची याची पक्की रीत दिली. जोर आणि त्वरण यांची गाठ न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात बांधली. कारण आणि आकडे तिथे एका वहीत आले.

मधल्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. १५८७ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून फैजीने 'लीलावती' फारसीत आणली. १६३४-३५ च्या सुमारास अताउल्ला रुश्दीने भास्कराचार्यांचं 'बीजगणित' फारसीत आणून शाहजहानला अर्पण केलं. हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. औरंगाबादेत बीबी का मकबरा ज्यांनी उभारला म्हणून दरवाजावर नावं कोरलेली आहेत, ती दोन : अताउल्ला आणि हंसपत राय. मकबऱ्याला सहलीला जाणारे आम्ही कितीजण ती नावं पाहतो? संस्कृतातलं बीजगणित फारसीत नेणारा मुसलमान वास्तुकार, आणि त्याच्या बरोबरीने उभा हंसपत राय.

मराठीत कलन आणलं बाळशास्त्री जांभेकरांनी. 'दर्पण'कार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण 'शून्यलब्धिगणित' हे पुस्तकही त्यांचंच. ते १८४६ साली ऐन तारुण्यात वारले. त्यांच्या विद्यार्थ्यांतले केरूनाना छत्रे आमच्याच जिल्ह्यातले, अलिबागजवळच्या नागावचे. म्हणजे पुतण्या ज्या गणितापाशी अडला होता, ते गणित मराठी बोलणाऱ्या माणसांच्या हाती येऊन जवळजवळ दोन शतकं होत आली.

या यादीत ज्यू आहे, मुसलमान आहेत, ब्राह्मण आहेत, ख्रिस्ती आहेत. कुणा एकाच्या खात्यातली शेवटची नोंद उचलून तिला सगळ्या काळाने गुणलं, की 'सगळं आमचंच' असा आकडा येतो. पुतण्याने केली तीच चूक. खरी रीत पट्ट्यांची. प्रत्येकाने आपापल्या काळात घातलेली भर मोजायची, ज्या शतकांत काही भर घातली नाही तिथे शून्य लिहायचं, आणि बेरीज करायची. शून्य लिहिताना हात थरथरतो, हे मला मान्य आहे.

या हिशेबात आणखी एक सापळा आहे आणि कोयनेच्या कागदावर तो होताच. त्या काळची ही यंत्रं हादरा बसल्यावर सुरू व्हायची. म्हणजे अगदी पहिले क्षण कागदावर नाहीत. यंत्र जागं झालं तेव्हा जमीन आधीच हलू लागलेली होती. सुरुवातीची शिल्लक किती, हे वहीत लिहिलेलं नाही. दुसरं, कागदावर शून्याची रेषा नेमकी कुठे, हे अभ्यासकाला ठरवावं लागतं. ती किंचित चुकली तर? समजा त्वरणात ०.०१ इतकीच चूक झाली, गुरुत्वाचा जेमतेम हजारावा भाग. कागदावर ती रेघेच्या जाडीत लपून जाते. पण बेरीज करत गेलात तर दहा सेकंदांत वेगात ०.१ ची खोटी भर पडते, आणि त्या वेगावरून अंतर काढलं तर जमीन अर्धा मीटर सरकली असं उत्तर येतं. जमीन तर जागच्या जागी असते. म्हणून अभ्यासक आधी शून्याची रेषा दुरुस्त करतात. त्यांच्याकडे एक खूण असते : धक्का संपल्यावर जमीन थांबते. शेवटी वेग शून्य आलाच पाहिजे. आला नाही, तर सुरुवातीला कुठेतरी खोटं धरलं गेलं आहे.

आपण आपल्या इतिहासाचा हिशेब करतो तेव्हा शून्याची रेषा कुठे धरतो, हा विचार मी अलीकडे पुष्कळदा करतो. कोकणातला मुसलमान स्वतःचा इतिहास कधी बगदादपासून सुरू करतो, कधी दिल्लीपासून. त्याच्या आज्या ज्या भाषेत रडल्या आणि हसल्या, जी भाकरी थापत होत्या, तिथून सुरू करत नाही. चूक रेघेएवढी बारीक असते. दोन-तीन पिढ्यांच्या बेरजेत आपण स्वतःच्याच गावात परके होऊन बसतो.

कोयनेच्या त्या आकड्याने पुढे काय केलं, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. धरणाची आखणी करताना भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाच्या ०.०५ पट धरला होता. कागदावर आला ०.६३. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर खडक, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. धरण फुटलं नाही, पण वरच्या भागात दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. नंतर पाठीमागे आधार बांधून ते मजबूत केलं गेलं. १९७० मध्ये इमारतींसाठीचे देशाचे भूकंपविषयक नियम सुधारले. जलाशयातल्या पाण्याच्या भारामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाचा जगातला सर्वात मोठा अभ्यास कोयनेवर झाला आणि अजून चालू आहे.

अजाब म्हटलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. अजाबापुढे तौबा करता येते, ०.०५ कुणी आणि का धरलं हे विचारता येत नाही. मेलेल्या माणसांना गुनहगार ठरवलं की बांधणाऱ्याची, नकाशा काढणाऱ्याची, मातीच्या घरात त्यांना ठेवणाऱ्याची सगळ्यांची सुटका होते. मोजणी झाली म्हणून प्रश्न विचारता आला. मला यात दीनच्या विरुद्ध काही दिसत नाही. कुरआनात भूकंपाच्या नावाची एक छोटी सूरा आहे, अज-झिलझाल. आमच्याकडे पोरांना ती लवकर पाठ होते. जर्रा-जर्रा भलं आणि बुरं हिशेबात धरलं जाईल, असं ती सांगते. त्या सूरेत कलन आहे असं मी म्हणत नाही, कृपा करून तसा संदेश कुणी पुढे पाठवू नये. एवढंच म्हणतो, की जर्राही न सोडता हिशेब ठेवावा ही शिकवण ज्यांना लहानपणीच मिळते, त्यांनी तरी भूकंपाचा हिशेब अंदाजाने करू नये.

रात्र बरीच झाली होती. फुफीने पुन्हा विचारलं, "ते कोयनेचं झालं. आपल्या घराचा वेग किती होता?"

तळ्यात तेव्हा असं यंत्र नव्हतं, मी तिला सांगितलं. कागद नाही, म्हणून आकडाही नाही.

ती जरा हिरमुसली. तेवढ्यात पुतण्याने वहीचं नवं पान काढलं. "फुफीदादी, कंदील कुठल्या बाजूला झुलत होता? तळगडाकडे की आडवा? हंड्यात पाणी किती होतं? कलमा किती वेळा पढून झाला तोवर थांबलं?"

फुफी सरसावून बसली. डोळे मिटून तिने हात हवेत हलवून दाखवला, कंदील असा, गडाकडे आणि परत. हंडा काठापासून चार बोटं रिकामा होता, कारण दादीने रात्री वझूपुरतं काढलं होतं. पाणी चुलीच्या बाजूला सांडलं. कलमा तिने मोजला नव्हता, पण शेजारच्या आजोबांची काठी दारापासून पिंपळापर्यंत येईतो जमीन हलत होती. पुतण्या लिहून घेत होता. त्या घरातून पिंपळापर्यंत किती पावलं, हे तो सकाळी मोजणार होता.